ऊन हात

दारावरची बेल वाजवण्याआधी ती तळहातावर तळहात घासायची. चपला काढायच्या, खांद्यावरची पिशवी माझ्या हातात द्यायची, डोळे मिटायचे आणि हात घासत उभं राहायचं. भर मे महिन्यातसुद्धा. समोरच्या दारातून कुणी पाहिलं तर त्याला वाटावं, बाई देवाला हात जोडायला निघाली आणि मध्येच विसरली. पहिल्या दिवशी मी कारण विचारलं.

"काका, गार हात पोटाला लागला की बाळ दचकतं," ती म्हणाली. "झोपलेलं असतं हो आत."

विरारच्या फुलपाड्यात ज्यांचं दहा-पंधरा वर्षांपासून घर आहे, त्यांच्यापैकी काहींनी तिला नक्की पाहिलेलं असणार. किडकिडीत, उंच, सुती कुर्ता, केसांचा कसाबसा बांधलेला अंबाडा आणि चालताना मान जरा पुढे, कुणाचं तरी बोलणं ऐकायला वाकल्यासारखी. तिच्या मागे दोन पावलांवर पिशवी घेतलेला एक म्हातारा असायचा. तो मी. तुमच्या लक्षात मी राहिलो नसेन तर ते बरोबरच आहे. माझं काम लक्षात न राहण्याचंच होतं.

मी पाण्याच्या खात्यातून निवृत्त झालो होतो. विरारची गल्ली न् गल्ली पायाखालची. बायको गेलेली, मुलगा-सून सकाळी कामाला जायची ती रात्री यायची, नातू शाळेत, आणि मी सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून टाकीवरून भांडणाऱ्यांना शांत करायचो. आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर ती भाड्यानं राहायला आली. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात काही वर्षं नर्स होती. ते सोडून तिनं एका मित्रासोबत ही कंपनी काढली होती. मित्र कॉम्प्युटरवाला. गरोदर बाईनं नाव नोंदवायचं, मग हिनं दर आठवड्याला घरी जाऊन रक्तदाब, वजन, पायांची सूज बघायची, सगळं फोनमध्ये भरायचं, आणि काही वेडंवाकडं दिसलं की डॉक्टरांना कळवायचं. कंपनी म्हणजे तेव्हा तिच्याच घरातली एक खोली, एक पंखा आणि भिंतीला टेकवलेली सतरंजी.

अडचण अशी की लोक तिला घरात घेत नव्हते. सासवा दारातूनच म्हणायच्या, आमच्या सुनेला काही झालेलं नाही. एकदा ती जिन्यात बसली होती, तोंड अगदी उतरलेलं. मी म्हटलं, चल, मी येतो बरोबर. माझे पांढरे केस पाहून त्या दिवशी दार उघडलं. तिनं ते तिथल्या तिथे हेरलं.

"काका, तुम्ही रोज याल?"

"येऊन काय करू?"

"चहा प्या."

तशी आमची वाटणी ठरली. ती आतल्या खोलीत जायची आणि मी बाहेरच्या खोलीत सासऱ्यापाशी बसायचो. गाव कुठलं, पाणी किती वाजता येतं, लिफ्ट कधी होणार, असं बोलत राहायचो. पण एक काम खरं होतं. आपल्याकडे बाळंतपण कुठे करायचं हे पोरीला कुणी विचारत नाही. ते बाहेरच्या खोलीत ठरतं. पोरगी आत सांगणार सासरीच, आणि सातवा सरला की भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन जाणार. म्हणून ती मला प्रत्येक जिन्यात बजावायची, "बाहेरचं तुमच्याकडे, आतलं माझ्याकडे. माहेर कुठे, ते विचारायचंच. माहेर हासुद्धा पत्ताच आहे, काका."

त्या दुपारी आठवल्या की अजून गुंगी येते. अनोळखी घरातला पंखा, टीव्हीवर आवाज बंद करून चाललेली मालिका, पडद्यामागून येणारी दोन बायकांची कुजबूज. मध्येच दोघी हसायच्या. काय बोलतात ते कळायचं नाही. सासरा बोलता बोलता पेंगायचा, मीही पेंगायचो, आणि कधी कधी तिच्या पिशवीतल्या यंत्रातून बाळाच्या छातीचे ठोके बाहेर यायचे, वाळूवरून लांब कुठे घोडा धावावा तसे. मग बाहेरच्या खोलीतले आम्ही दोघे म्हातारे एकदम जागे होऊन एकमेकांकडे बघायचो.

तिची दुसरी सवय म्हणजे, कुणाचाही आवाज चढला की ती ओठांवर बोट ठेवून म्हणायची, "हळू. बाळ ऐकतंय." सातिवलीला एका गाळ्यात प्लास्टिकची झाकणं भरणाऱ्या बायकांना तपासायला आम्ही जायचो. तिथला सुपरवायझर एकीवर खेकसत होता. ही मध्ये जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हळू. बाळ ऐकतंय." तो म्हणाला, "कुणाचं बाळ?" ती म्हणाली, "असंच ओरडत राहिलात तर जन्मल्यावर तुमचाच आवाज ओळखेल ते, मग बसा सांभाळत." बायका झाकणं टाकून हसायला लागल्या. तोही हसला, आणि तिथून पुढे त्यानं आमच्यासाठी स्टूल ठेवायला सुरुवात केली.

पापडीला एका वाडीत एक ख्रिस्ती आजी होत्या. त्यांच्या नातसुनेला आम्ही बघायला जायचो. आजींना मी हिचा बाप वाटलो. "पोरीला अशी उन्हातान्हात फिरवता, लग्न कधी करणार तिचं?" म्हणून त्यांनी मला चांगलं झापलं. ती आतून सगळं ऐकत होती. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "बाबा, सांगा ना आजींना, कधी करणार?" आजींनी सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, बांधून दिली. घरी येईपर्यंत आम्ही दोघांनी ती संपवली.

कंपनी वाढायला लागली ती अशी की आमच्या डोळ्यांदेखत वाढली आणि आम्हाला कळली नाही. सतरंजी गेली, टेबलं आली. शेजारची खोली घेतली, मग वरचा मजला. टी-शर्ट घातलेली मुलं-मुली आली. भिंतीवर एक मोठा पडदा लागला आणि त्यावर वसईपासून पालघरपर्यंतच्या गरोदर बायका हिरव्या ठिपक्यांनी दिसायला लागल्या. मलाही टी-शर्ट मिळाला. तो मी शर्टावरून घालायचो. कार्डावर माझा काहीतरी लांबलचक इंग्रजी हुद्दा छापला होता. ती मात्र सगळ्यांना ओळख करून द्यायची, "हे बाहेरच्या खोलीचे प्रमुख."

बंगळूरहून पैसे गुंतवणारे एक साहेब आले होते. त्यांनी मला पाहून विचारलं, हे गृहस्थ काय करतात. तिच्या कॉम्प्युटरवाल्या भागीदाराला घाम फुटला. ती शांतपणे म्हणाली, "ते चहा पितात. त्यांच्या चहावर कंपनी उभी आहे." साहेबांना तो विनोद वाटला. आम्हा दोघांना माहीत होतं की तो विनोद नाही.

एकदा भागीदारानं बाळांसाठी नव्या कोऱ्या झबल्यांची खोकी मागवली. सातव्या महिन्यात प्रत्येकीला भेट. कुणी घेईना. बाळ यायच्या आधी नवं कापड घरात आणतात का? ती पोट धरून हसली, मग मला म्हणाली, "चला काका, जुनी लुगडी गोळा करू." आम्ही बिल्डिंगभर फिरलो. माझ्या बायकोची दोन सुती पातळं मी दिली. धुऊन धुऊन ती सायीसारखी झाली होती. त्यांची दुपटी कुणाकुणाच्या अंगाला लागली, मला ठाऊक नाही. विचार केला की बरं वाटतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो, तिकडे येतो.

फुलपाड्यातच एक पोरगी होती. पहिलटकरीण, विशीतली. हसताना पदर तोंडावर घ्यायची. तिचे सासरे निघाले आमच्या तालुक्यातले, रत्नागिरीकडचे. मग काय, पहिल्याच भेटीत गावाच्या गप्पा रंगल्या. आंब्याचं कलम, नदीवरचा साकव, दोघांच्याही ओळखीचा एक मास्तर. बोलता बोलता ते म्हणाले, "सगळं चांगलं आहे हो, पण व्याही मिळाले ते असे. लग्नात माझ्या थोरल्या भावाला टोपी दिली नाही. उपरणं दिलं, टोपी नाही. भर मांडवात माणूस बोडका उभा. त्या दिवसापासून या घरात त्यांचं नाव काढायचं नाही."

आता सांगा, यावर मी काय विचारणार होतो? सुनेचं माहेर कुठे, बाळंतपणाला ती तिथे जाणार का? माणसानं आपुलकीनं समोर चहा ठेवलाय आणि मी त्याच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवायचं? मी विषय बदलला. पुढच्या भेटीतही बदलला. खरं सांगायचं तर मला तिथे गाववाला म्हणून जो मान मिळत होता, तो सोडवत नव्हता.

जिन्यात तिनं विचारलं, "विचारलंत ना, काका?"

"विचारलं. सासरीच."

एवढंच. चालता चालता बोललो.

आठवा लागला. पोरीचा रक्तदाब चढायला लागला होता. पायावर सूज होती. तिनं डॉक्टरांना कळवलं, गोळ्या सुरू झाल्या, आणि आता आपण दर दोन दिवसांनी येऊ, असं तिनं पोरीला सांगितलं. "डोकं दुखलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर फोन कर. नाहीतर मी येतेच आहे."

शिमग्याचे दिवस होते. आम्ही गेलो तर दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, म्हातारा-म्हातारी पालखीला गावी गेली, मुलगा कामावर. सून कुठे, माहीत नाही. पोरीचा फोन लागेना. सासऱ्यांच्या गावात रेंज नाही, ते मलाच ठाऊक होतं. नवऱ्याचा फोन कुठल्यातरी फॅक्टरीच्या लॉकरमध्ये वाजत राहिला. ती त्या कुलपासमोर उभी होती. हात घासून झालेले होते. ऊन केलेले हात तसेच पुढे धरलेले, आणि लावायला कुणी नाही.

"काका, हिचं माहेर कुठे असेल?"

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी विचारलंच नाही, असं म्हणायला हवं होतं. तिनं नवऱ्याची फॅक्टरी शोधली असती, काहीही करून तासाभरात माहेर शोधलं असतं. मी तिला ओळखत होतो. मी म्हणालो, "गावी नेली असेल सोबत."

"आठव्यात? घाटातून?"

"त्यांची रीत असेल. मला म्हणाले होते तसं काहीतरी."

ती पायरीवर बसली. थोडा वेळ बसली आणि माझ्यावर विश्वास ठेवून उठली.

पोरगी होती खाडीकडच्या गावात, आईकडे. रिक्षानं अर्ध्या तासावर, पण फोनला रेंज नाही. सासू-सासरे गावी गेले आहेत हे पाहून भाऊ येऊन तिला घेऊन गेला होता. रुसव्यामुळे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी इस्पितळातून फोन आला. तिला झटके आले होते. पोरगी वाचली. मूल वाचलं नाही.

आम्ही गेलो. ती आत पोरीपाशी बसली. मी सवयीनं बाहेर. बाकावर पोरीची आई होती, मिठागरावर काम करून काळवंडलेली, पदराचा बोळा हातात. मी सांगितलं, मी कंपनीचा. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "डोकं दुकत व्हतं रातपासून. मी म्हनलं जाऊ दवाखान्यात. ती म्हने, नको आये, माजी बाय येनार हाय आज, तिला समदं ठावं आसतं. पानी दिलं, अंधारात निजवली. वाट बगत व्हतो वो आमी. कोन आलाच नाय."

चार-पाच दिवसांनी पोरीचे सासरे कंपनीत आले. सोबत दोन नातलग, मागे बिल्डिंगमधले लोक. दाराशी गर्दी झाली. टी-शर्टवाली मुलं भिंतीला चिकटली. सासरे ओरडत होते, त्यांचा आवाज फाटत होता. "दर आठवड्याला येत होता ना? मग तेव्हाच कुठे गेला होता? ती माहेरी गेली हे तुम्हाला माहीत नको? आम्हाला कुणी कधी विचारलंसुद्धा नाही, बाळंतपण कुठे करणार म्हणून."

तिनं माझ्याकडे पाहिलं.

एकदाच पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर मी आज इतका म्हातारा झालो नसतो. ती नुसती समजून घेत होती, एखादीच्या मनगटावर बोट ठेवून नाडी बघत असावी तशी. सासऱ्यांनी माझ्याकडे हात केला, "तुम्ही सांगा, तुम्ही गाववाले आहात. विचारलं कुणी?" मी चष्मा काढून पुसायला घेतला. मागे माझा मुलगा उभा होता, सोसायटीचे लोक उभे होते. सगळ्यांच्या मनात मी शहाणा माणूस होतो.

"खरं आहे," ती म्हणाली. "विचारायला हवं होतं. माझं राहिलं."

मग लोक सुटले. कुणी मोबाईल समोर धरला, कुणी पैशासाठी धंदा मांडलाय म्हणालं. आवाज वाढत गेले. मी वाट बघत होतो की ती ओठांवर बोट ठेवेल, हळू म्हणेल. तिचं बोट वर आलं नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ऐकणारं बाळ तिथे नव्हतं.

सोसायटीनं जागा रिकामी करायला सांगितलं. तो ठराव वाचला सेक्रेटरीनं, म्हणजे मी. कंपनीनं अंधेरीला काचेचं ऑफिस घेतलं. भागीदार वाईट माणूस नव्हता, पण गुंतवणूकवाल्यांना तिचं नाव पुढे नको होतं. तिला आत बसवलं, नव्या लोकांना शिकवायला. काही महिन्यांनी तेही सुटलं असं ऐकलं.

ती गेली त्या दिवशी टेम्पोत सामान चढत होतं आणि मी खाली उभा होतो. म्हटलं, आता बोलू. "अगं, त्या दिवशी मी..." इथवर आलो. तिनं माझे दोन्ही हात धरले.

"केवढे गार पडलेत, काका," ती म्हणाली, आणि आपल्या तळहातांमध्ये घेऊन घासायला लागली. बराच वेळ घासत राहिली. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. मला पुढचं वाक्य तिनं बोलूच दिलं नाही, की मीच बोललो नाही, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

त्यानंतर ती मला दिसली नाही. जुना नंबर बंद आहे. कुणी म्हणतं जव्हारच्या बाजूला असते, कुणी म्हणतं नर्सिंग शिकवते. आम्ही नंतर विरार पश्चिमेला राहायला आलो. पण फुलपाड्यातल्या जुन्या मित्रांकडे जातो, तेव्हा बाकावर अजून विषय निघतो. "ती नाही का, जिच्या हलगर्जीपणानं पोर गेलं." परवा हे एका तरण्या माणसाच्या तोंडून ऐकलं. तो तेव्हा शाळेत असेल. म्हणजे गोष्ट आता पुढच्या पिढीत गेली. माझ्यामागे ती तशीच राहील. म्हणून हे लिहिलं. विचारायचं तिचं राहिलं नव्हतं. माझं राहिलं होतं. आणि विचारलं असं मी तिला सांगितलं होतं. ज्यांनी ज्यांनी तिच्याबद्दल वेगळं ऐकलंय, त्यांनी हे वाचावं आणि दुसऱ्याला सांगावं.

लिहायला बळ आलं ते मात्र वेगळ्याच कारणानं.

माझ्या नातसुनेला सहावा महिना आहे. तिनं आपलं आपण फोनवरून नाव नोंदवलं, त्याच कंपनीत. मला पत्ता नाही. सकाळी मी दाराशी खुर्ची टाकून बसलो होतो. जाळीच्या दारातून दिसलं, एक मुलगी जिना चढून आली. टी-शर्ट, पाठीवर पिशवी. तिनं चपला काढल्या, पिशवी मागच्या माणसाकडे दिली आणि बेल न वाजवता उभी राहिली. डोळे मिटून, तळहातावर तळहात घासत.

मागचा माणूस साठीच्या पुढचा. निवृत्त शिक्षक, त्यानं नंतर सांगितलं. मुलगी नातसुनेला घेऊन आत गेली. तो माझ्यासमोर बसला. पाण्याचं विचारलं, लिफ्टचं विचारलं. चहा आला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"आजोबा," त्यानं कप खाली ठेवला, "सूनबाईंचं माहेर कुठे?"

स्वयंपाकघरात माझ्या सुनेनं भांडं जरा जोरात ठेवलं. व्याह्यांशी आमचंही सध्या फारसं बरं नाही. साखरपुड्यातलं काहीतरी आहे, सांगण्यासारखं नाही.

त्या माणसानं तो आवाज ऐकला. हसला. "रागावू नका. आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात की रुसवा दिसला तर तिथे आधी विचारायचं. तोंड वाईट झालं तरी चालेल. विचारल्याशिवाय जिना उतरायचा नाही."

"कोण शिकवतं?"

"आता बरेच जण आहेत. मूळ एक बाई होत्या म्हणे. त्यांनी घालून दिलंय. आम्ही नाही पाहिलं त्यांना."

"त्यांनी कारण सांगितलं होतं का? कुणाचं नाव वगैरे?"

"नाव? नाही बुवा. एवढंच म्हणायच्या म्हणे, की बाहेर बसणारा माणूस भिडस्त असतो, त्याला दोष देऊ नका, त्याला शिकवा."

मी नातसुनेच्या माहेरचा पत्ता सांगितला. पापडीला कुठल्या रस्त्यानं वळायचं, कुठल्या विहिरीपाशी थांबायचं, व्याह्यांचं नाव, त्यांचा फोन, त्यांच्या मुलाचा फोन. सून दारात येऊन उभी राहिली होती, तिच्यादेखत सगळं सांगितलं. त्यानं सगळं भरून घेतलं. मग मी म्हटलं, "आणखी एक सांगायचंय. अशाच एका घरात मी बसलो होतो. मी विचारलं नव्हतं."

तो कप हातात धरून ऐकत राहिला.

आतल्या खोलीत यंत्र लागलं होतं. वाळूवरून लांब कुठे घोडा धावत होता. आणि माझी नातसून हसून म्हणत होती, "अगं, किती ऊन आहेत हात तुझे."